मडक्यातलं खरेदीखत

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, जुनी माणसं तेल्यांची ओळख वारावरून सांगायची. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. सोमवार महादेवाचा, त्यामुळे पहिल्यांबद्दल कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही. शनवार तेल्यांचं मात्र गावाला कोडं होतं. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांच्या घाण्याचा बैल सुटायचा, चूल थंड व्हायची, आणि शनिवारी संध्याकाळी आकाशात तारे दिसेपर्यंत कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी तेल मिळायचं नाही. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. पण मुसलमान म्हणावं तर नाही. समुद्राकाठी राहून कोलंबीला हात लावायचे नाहीत, चिंबोरीला तर नाहीच. ज्या माशाला खवले आणि पर असतील तोच मासा घरात यायचा.

विचारलं तर सांगायचे, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांचे पूर्वज गलबतातून आले, अलिबागजवळ नवगावच्या खडकांवर गलबत फुटलं, सात बाया आणि सात पुरुष तेवढे वाचले, बाकीच्यांना किनाऱ्यावर मूठमाती दिली, अशी त्यांची परंपरा. केव्हा आले याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण समुद्राने त्यांचे ग्रंथ नेले, ही गोष्ट परंपरेत पक्की आहे. कोचीनचे यहुदी व्यापारी यहेज्केल राहाबी यांनी १७६८ साली हॉलंडला धाडलेल्या पत्रात या कोकणातल्या लोकांचा उल्लेख केला, तेव्हा त्यांच्याजवळ एक ‘शमा’ ही प्रार्थना आणि शनिवारचा विसावा एवढंच उरलेलं होतं. जन्माला शमा, लग्नाला शमा, मयताला शमा. देव एकच आहे, तोच आपला, एवढाच त्या प्रार्थनेच्या पहिल्या ओळीचा मतलब.

पोथी नाही, पुरोहित नाही, देऊळ नाही, आणि तरी शेकडो वर्षं हे लोक टिकले कसे? इतिहासवाले म्हणतील, आपल्याकडच्या जातिव्यवस्थेने प्रत्येकाला आपापल्या कप्प्यात राहू दिलं, म्हणून टिकले. ते खरंच आहे. पण हाच प्रश्न त्यांच्या स्वतःच्या धर्मग्रंथाला विचारला तर उत्तर वेगळं येतं. तिथे टिकवण्याचं काम माणसांकडे दिलेलंच नाही. ते देवाने आपल्या अंगावर घेतलं आहे. कसं घेतलं, ते पाहण्यासारखं आहे.

आपल्याकडे दोन माणसांत करार झाला की दोघंही बेलभंडार उचलतात. एकाने उचलला आणि दुसरा नुसता बघत बसला, तर त्याला करार कोण म्हणेल? अब्राहामाच्या काळी त्या मुलखात रीत अशी होती की जनावरं कापून त्यांचे अर्धे अर्धे भाग समोरासमोर मांडायचे आणि करार करणाऱ्यांनी त्यांच्या मधून चालत जायचं. शब्द मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो, असा त्याचा अर्थ. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहाम (तेव्हा तो अब्राम होता) कालवड, शेळी आणि एडका कापून मांडतो, वर घिरट्या घालणारी गिधाडं हाकलत बसतो. दिवस कलतो. मग त्याला गाढ झोप लागते. अंधार पडल्यावर धुमसती शेगडी आणि जळती मशाल त्या तुकड्यांच्या मधून जाते. ती देवाची खूण. अब्राहाम मधून चालतच नाही. तो झोपलेला आहे.

पुढचं सगळं या एका प्रसंगावर उभं आहे असं मला वाटतं. वाहिली ती एकाच बाजूने वाहिलेली शपथ. पुढे अब्राहामाला सुंतेची खूण दिली, सीनाय डोंगरावर मोशेच्या हातून नियम दिले, पाळाल तर सुख आणि मोडाल तर हाल, हेही बजावलं. त्यात लोकांची जबाबदारी भरपूर आहे. पण त्या सगळ्याच्या तळाशी ही रात्र आहे.

लोकांनी नियम किती दिवस पाळले? मोशे डोंगरावरून खाली उतरेपर्यंतसुद्धा नाही. खाली सोन्याचं वासरू तयार! देव चिडून म्हणतो, यांना संपवतो आणि तुझंच मोठं राष्ट्र करतो. दुसरा कोणी असता तर त्याला हे स्थळ चांगलंच वाटलं असतं. मोशे मात्र गावच्या जुन्या जाणत्या पाटलासारखा बाजू मांडतो. मिसरी लोक काय म्हणतील, याचा विचार कर, म्हणतो. आणि मग खरा कागद पुढे करतो: अब्राहाम, इसहाक, याकोब यांना तू शब्द दिला आहेस. लोक चांगले आहेत, पुन्हा असं करणार नाहीत, असला जामीन तो राहतच नाही. देवाला देवाच्याच शब्दात धरतो. आणि देव ऐकतो.

अनुवादाच्या पुस्तकात मोशे लोकांना तोंडावर सांगतो की तुम्ही संख्येने जास्त म्हणून देवाने तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे. त्याचं प्रेम होतं आणि त्याने पूर्वजांना शपथ दिली होती, एवढंच कारण. लेवीयाच्या सव्विसाव्या अध्यायात शापांची यादी इतकी भयानक आहे की वाचताना अंगावर काटा येतो. दुष्काळ, रोगराई, वेढा, देशोधडी. आणि शेवटी मात्र असा आशय येतो की वैऱ्याच्या देशात असतील तेव्हाही मी यांना पुरतं टाकणार नाही, कारण माझा करार मी मोडणार नाही. होशेय संदेष्ट्याला तर देवाने घर मोडलेल्या बायकोशी संसार करायला लावलं आणि एका मुलाचं नाव ‘लो-अम्मी’, म्हणजे ‘माझे लोक नव्हेत’, असं ठेवायला सांगितलं. बापाने पोराला बेदखल करावं तसं. पण त्याच पोथीत ते नाव उलटं फिरवलेलं आहे. इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरी फौजांनी उत्तरेचं राज्य संपवलं, माणसं उचलून नेली. होशेय त्या धामधुमीच्या आधीचा.

आता यिर्मया. शेतकरी वाचकाला यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय सगळ्यांत जवळचा वाटेल, कारण तो जमिनीच्या व्यवहाराचा आहे.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती अलिबागच्या रजिस्टर कचेरीच्या पायरीवर. साठीच्या दशकात आमच्या शेजारचं इस्राएल कुटुंब देश सोडून निघालं होतं. त्यांची नारळी-पोफळीची छोटी वाडी आमच्या वडलांनी घेतली. घरातले म्हातारे, ज्यांना आम्ही पोरं नुसतं ‘बाबा’ म्हणायचो, साक्षीदारांची वाट बघत पायरीवर बसले होते. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. वडलांना ते म्हणाले, “भाऊ, आमच्या यिर्मयानं पन अशीच जमीन घेतली व्हती. फरक येवढाच, त्यानं घेतली नि मी इकतोय.” वडलांनी विचारलं, “कोन यिर्मया? कुठला?” मग त्यांनी सांगितलं. वडील ऐकत राहिले, मधे दोन-तीनदा म्हणाले, “मग तो येडाच म्हनायचा.”

वडलांचं चुकलं नव्हतं. प्रसंगच तसा. साल इसवी सनपूर्व ५८७ च्या आसपास. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेला वेढा घातलेला, भिंतीला मातीचे मोर्चे लागलेले, शहरात भूक आणि साथ. ‘शहर पडणार’ असं उघड बोलतो म्हणून खुद्द यिर्मयाला आपल्याच राजाने पहाऱ्याच्या चौकात कैद केलेलं. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे, भाऊबंदकीने पहिला हक्क तुझा. अनाथोथ म्हणजे यरुशलेमेच्या उत्तरेला कोसा-दीड कोसावरचं, यिर्मयाचं मूळ गाव. तो सगळा मुलूख शत्रूच्या ताब्यात. ज्या शेतावर शत्रूच्या छावण्या, ते शेत विकायला काढणारा हनामेल हुशारच म्हटला पाहिजे.

यिर्मया ते शेत घेतो! सतरा शेकेल चांदी, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण दोनशे ग्रॅम, तराजूत तोलून देतो. आणि पुढचा तपशील एखाद्या कारकुनाने लिहावा तसा आहे. खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद आणि एक उघडी. साक्षीदारांच्या सह्या. चौकात बसलेल्या सगळ्यांसमोर दोन्ही कागद बारूख नावाच्या लेखनिकाच्या हाती दिले जातात, आणि त्याला सांगितलं जातं की हे मातीच्या मडक्यात घालून ठेव, पुष्कळ दिवस टिकले पाहिजेत. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देवाचं म्हणणं आहे.

मला या गोष्टीत सगळ्यांत खरा वाटतो तो व्यवहारानंतरचा यिर्मया. कागद झाल्यावर त्याचं धाब दणाणतं. तो प्रार्थनेला बसतो. सुरुवातीला देवाची थोरवी गातो, आणि शेवटी मनातलं बाहेर येतं: मोर्चे भिंतीला लागले आहेत, शहर गेल्यातच जमा आहे, आणि तू मला साक्षीदार लावून शेत घ्यायला सांगतोस? श्रद्धावान माणसाला शंका येत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

शहर पडलं. मंदिर जाळलं गेलं. यिर्मयाला पुढे त्याच्या मनाविरुद्ध लोकांनी मिसरात नेलं, आणि तो अनाथोथला परतला, त्या शेतात नांगर घातला, असं पोथीत कुठेही नाही. पण इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकलं आणि इसवी सनपूर्व ५३८ च्या सुमारास यहुद्यांना परतीची मुभा दिली, तेव्हा परत आलेल्यांची यादी एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. नुसती गावं आणि आकडे. कंटाळून आपण पान उलटतो. त्या यादीत एक नोंद अनाथोथची आहे: माणसं १२८.

वाडीचा कागद झाल्यावर बाबांनी उतारा वडलांच्या हाती दिला आणि नारळाला पाणी कुठून पाजायचं ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

याच यिर्मयाचं एक पत्रही आहे, एकोणतिसाव्या अध्यायात, बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलेलं. तिकडचे काही संदेष्टे लोकांना सांगत होते की लवकरच घरी जाऊ, सामान बांधून ठेवा. यिर्मया लिहितो: सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या गावात राहता त्या गावाचं भलं मागा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. देवाने वचन दिलं आहे म्हणून हातावर हात धरून बसा, असं त्यात नाही.

कोकणातल्या इस्राएलांकडे हे पत्र नव्हतं, समुद्राने नेलं होतं, पण ते वागले मात्र पत्राबरहुकूम. घरं बांधली, वाड्या लावल्या, आणि आडनावं गावांवरून घेतली: नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, किहीमकर. नावांना आपला ‘जी’ लावला. मोशेचा मुसाजी, शमुवेलाचा सामाजी, इसहाकाचा इसाजी, यहेज्केलाचा हसाजी. सणांना मराठी नावं पडली. वर्षारंभ तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस तो दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं आणि कोणाला शिवायचं नाही. एस्तेर राणीने आपल्या लोकांना कत्तलीतून वाचवलं त्याचा सण फाल्गुनाच्या आसपास येतो, म्हणून त्याचं नाव होळीचा सण. (एस्तेरच्या मूळ हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. वाचवलेलं दिसतं, वाचवणारा दिसत नाही.)

आणि यरुशलेमेचं मंदिर जळालं त्या दिवसाचा उपास, तो बिरड्याचा. संध्याकाळी उपास सोडताना केळीच्या पानावर वालाचं बिरडं. ज्या मंदिराचं चित्र डोळ्यांपुढे आणायलाही काही साधन नव्हतं, त्याचं सुतक पिढ्यान्‌पिढ्या रायगडच्या वालांनी पाळलं. या दिवसाला यहुदी परंपरेत विलापगीत वाचतात. ते पुस्तक फार कडवट आहे. त्याचा शेवट उत्तराशिवायच होतो, देवाने आम्हाला कायमचं टाकलं की काय, अशा भीतीवर. म्हणून वाचणाऱ्यांनी एक रीत पाडली आहे. शेवटचं वचन वाचून झालं की आदलं वचन पुन्हा एकदा म्हणायचं, म्हणजे परत फिरण्याची विनवणी शेवटी येते. कागदावरचा शेवट तसाच ठेवायचा, खोडायचा नाही; फक्त तोंडातला शेवट बदलायचा. स्तोत्रांतही देवाला ‘तू शब्द विसरलास’ असं सुनावणारी स्तोत्रं आहेत, चव्वेचाळिसावं आणि एकोणनव्वदावं. विसाव्या शतकात युरोपात यहुद्यांचं जे झालं त्यानंतर तर करार पाळला गेला असं सहज तोंडवर म्हणण्याची माझी छाती नाही. पण ही तक्रार ग्रंथाच्या आतच ठेवलेली आहे आणि ती करणाऱ्याला हाकललेलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ग्रंथ कोकणात परत आला तो वेगळ्याच हातांनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन आणि पुढे स्कॉटिश मिशनरी मुंबईत आणि कुलाब्यात आले. त्यांनी इस्राएलांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, बायबल मराठीत आणलं, आणि जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. हेतू त्यांना ख्रिस्ती करण्याचा होता आणि तो त्यांनी लपवला नव्हता. ख्रिस्ती फारच थोडे झाले. बाकीच्यांनी व्याकरण घेतलं, ग्रंथ घेतला, आणि आपण शनिवारी घाणा का बंद ठेवतो ते आता स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हागादा हिब्रू आणि मराठीत छापून निघाली. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत बाया साडी नेसलेल्या आहेत.

त्याआधीच मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनालय उभं राहिलं होतं. कंपनीच्या पलटणीतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेत सापडले होते. कोण आहेस विचारल्यावर ‘बेने इस्राएल’ म्हणाले, आणि कुराणात ज्यांचं नाव ऐकलं ते हे लोक, त्यांना मारू नकोस, असं टिपूच्या आईने सांगितलं, अशी आख्यायिका आहे. सुटून आल्यावर नवस फेडायला त्यांनी १७९६ साली मांडवीला प्रार्थनालय बांधलं. नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचं दार. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. अलिबागच्या इस्राएल आळीतलं ‘मागेन आबोथ’ १८४८ चं. त्या नावाचा अर्थ पूर्वजांची ढाल. अब्राहामाला त्या पंधराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच देव म्हणतो की मी तुझी ढाल आहे.

१९४८ नंतर कोकणातले, मुंबईतले बहुतेक इस्राएल नव्या देशात गेले. लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बेरशेबा. यिर्मयाचं खरेदीखत खरं झालं असं बाबांसारख्या कितीतरी जणांना वाटलं असेल. त्या जमिनीवर दुसरेही लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि त्यांच्याकडेही घरांच्या किल्ल्या आहेत, हा त्या कागदाचा दुसरा भाग, आणि त्याचा निकाल लावण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण शनवार तेल्यांना तिथे पोचल्यावर जे सोसावं लागलं ते सांगायलाच हवं. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मावलं की बेने इस्राएल माणूस दुसऱ्या यहुद्याशी लग्न करणार असेल तर आधी त्याच्या आई-आजीपासूनचं कूळ तपासा. घटस्फोटाचे नियम या लोकांना मधल्या काळात ठाऊक नव्हते, तेव्हा यांचं यहुदीपण शुद्ध कशावरून, अशी शंका. पोथीशिवाय ज्यांनी शेकडो वर्षं शनिवार पाळला त्यांना पोथीवाल्यांनी विचारलं, तुम्ही आमचे कशावरून. लो-अम्मी म्हणण्याचा हक्क होशेयच्या पोथीत फक्त देवाला आहे, आणि त्यानेही ते मागे घेतलं.

माणसं गप्प बसली नाहीत. आयाबाया, पोरंबाळं घेऊन यरुशलेमेत धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद करू नये. त्यानंतर धर्मपीठाने आपल्या फर्मानातून त्यांचं नाव काढलं.

लोद-रामल्यात आजही नवस फेडायचा असला किंवा लग्न ठरलं की मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, वर फळं. तो एलीया संदेष्ट्याच्या नावाने. एलीयाला अग्निरथातून वर नेलं आणि तो पुन्हा येईल, असं ग्रंथात आहे. त्याचा घोडा अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर टेकून गेला, टापेची खूण अजून आहे, असं आमच्याकडचे इस्राएल सांगतात. तिकडून नातवंडं आली की नवगावच्या मूठमातीच्या जागेला जातात, आणि गाडी करून खंडाळ्यालाही जातात.